काचेपलीकडची सावली

द्वारका सिस्टर त्या उन्हाळ्यात गेल्या. घरीच, झोपेत. कर्जतच्या त्या खासगी हॉस्पिटलातल्या नर्सेस अंत्यविधीला गेल्या, रडल्यासुद्धा. पण परतताना रिक्षात सगळ्यांच्या मनात जे होतं ते कुणी बोलून दाखवलं नाही. इतकी वर्षं त्या बाईनं वॉर्ड धाकात ठेवला होता. तिच्या केबिनमध्ये जायचं म्हटलं की पोरी एकमेकींना पुढं ढकलायच्या.

त्यांच्या जागी जागृतीला इन्चार्ज केलं तेव्हा पोरींनी केक आणला. जागृती खालापूरकडची, याच वॉर्डात राबून मोठी झालेली, आणि द्वारका सिस्टरांची बोलणी सगळ्यांत जास्त तिनंच खाल्लेली. केक कापताना ती म्हणाली, "आता या दारातून कुणी घाबरत यायचं नाही." अगदी मनापासून म्हणाली होती ती.

सुरुवात बरी झाली. मग दोघी जणी नोकरी सोडून पनवेलला निघून गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. कामं तेवढीच राहिली. मोठे डॉक्टर रोज जागृतीला बोलावून सुनवायचे आणि तीच बोलणी ती वॉर्डात येऊन पोरींवर ओतायची. एकत्र चहा प्यायचा कधी बंद झाला ते कळलंही नाही.

सावली तिला पहिल्यांदा दिसली ती दिवाळीनंतर. केबिनच्या दाराला धुरकट काच होती. दुपारी ती ड्यूटी लावत बसली होती, तर काचेपलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. पांढरा गणवेश, मान खाली. "कोण आहे?" तिनं विचारलं. सावली थोडी थांबली आणि सरकली. जागृतीनं उठून दार उघडलं तर बाहेर कुणी नव्हतं. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर फिनेलचा वास तेवढा होता.

तिनं घाईनं दार लावून घेतलं. द्वारका सिस्टर अशाच दारांबाहेर उभ्या राहून आतलं ऐकायच्या.

मग ती सावली वरचेवर येऊ लागली. कधी क्षणभर, कधी बराच वेळ. जागृतीनं कुणाला सांगितलं नाही. फक्त मान वर करून काचेकडे बघणं तिनं सोडून दिलं.

एकदा हिरूच्या हातून ट्रे पडला. हिरू ठाकूरवाडीची, नवीनच लागलेली. "तुला आईनं इथं झोपायला पाठवलंय का?" जागृती ओरडली, आणि जागच्या जागी गार पडली. हे वाक्य तिचं नव्हतं. ते तिनं स्वतः खाली मान घालून ऐकलं होतं, याच वॉर्डात.

पुढच्याच आठवड्यात कडावच्या पारूबाईंचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. दुपारी त्यांच्याजवळ हिरू होती. सकाळीच तिनं दुसऱ्या एका पेशंटचं बीपी कमी आल्याचं सांगितलं होतं, आणि हाताला नको तेवढा मोठा पट्टा बांधला म्हणून जागृतीनं सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढली होती: "आधी मोजायला शिक, मग माझ्याकडे ये."

त्या दुपारी सावली काचेवर आली. गेली. परत आली. या वेळी ती हलेना. जागृतीनं हातातलं पेन घट्ट धरलं, डोळे कागदावरून उचलले नाहीत. सावली गेली तेव्हा कुठं तिनं पान उलटलं.

थोड्या वेळानं पारूबाईंचा मुलगा चंदर दार ढकलून आत आला. "सिस्टर, आई पांढरीफटक पडलीय. बोलत नाय."

पोटात रक्तस्राव चालू होता. पारूबाईंना पुन्हा ऑपरेशनला घेतलं. रक्ताच्या पिशव्या चढल्या. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले तेव्हा जागृती भिंतीला टेकून खाली बसली.

मग तिनं हिरूला गाठलं. "बीपी कधीपासून उतरत होतं गं?"

"जेवणाच्या सुट्टीपासून." हिरू खाली बघत म्हणाली. "परत परत मोजलं मी. पट्टा बदलून मोजलं. तुमच्या दारापाशी आले होते."

"मग आत का नाही आलीस?"

"आमी कुणीच येत नाय, सिस्टर. दारात उभं राहतो, आतून तुमचा आवाज ऐकतो. आज नको, असं वाटलं की बाजूच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरतो. लई दिवस असंच चाललंय."

जागृतीची नजर केबिनच्या काचेकडे गेली. तिला एक जुनी दुपार आठवली: हीच काच, पण बाहेरच्या बाजूनं, आणि आत द्वारका सिस्टरांचा धूसर आकार, मान खाली घातलेला. त्यांनाही आपण दिसत होतो का? त्याही घाबरून वर बघत नव्हत्या का?

दुसऱ्या दिवशी तिनं सुतार बोलावून ते दार काढायला लावलं. मोठ्या डॉक्टरांशी भांडून एक जादा नर्स मिळवली. पोरी हळूहळू बोलू लागल्या, चुकलेलंही सांगू लागल्या. पारूबाई टाके काढायला आल्या तेव्हा बरोबर तांदळाचे पापड घेऊन आल्या.

पण हिरू थांबली नाही. साजगावच्या एका कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत तिला काम मिळालं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जागृती तिला भेटायला गेली. खोलीत हिरू एका कामगाराशी हसत हसत त्याच्या बोटाला पट्टी बांधत होती. जागृती दारात दिसताच तिचं हसणं थांबलं. ती ताडकन उठली, हात पाठीमागे घेतले, मान खाली घातली.

"बस गं, हिरू."

"नाय सिस्टर. बरी हाय मी."

पट्टीचं टोक सुटून लोंबत होतं. कामगार एकदा हिरूकडे, एकदा दाराकडे बघत राहिला. जागृती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत जावं की परत फिरावं, तिला कळेना.