मनकर्णापाशी अडलेला कापूस

“बाई, तुम्ही एवढ्या मोठ्या झाल्या, अजून शिकूनच राह्यल्या? नापास होता काय?”

पंचफुलानं विचारलं, आणि दहावीच्या वर्गातल्या तिच्या मैत्रिणी वह्यांआड तोंडं लपवून खिदळल्या. पैज त्यांनीच लावली होती. अर्थशास्त्रातल्या पीएचडीसाठी नागपूरच्या विद्यापीठातून अल्लीपूरच्या शाळेत आलेल्या ताकसांडेबाई आता कडाडणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

बाई हसल्या.

“ज्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणालाच माहीत नाही, त्यात पास कशी होऊ गं?”

प्रश्न साधाच होता: कोणतं पीक घ्यायचं, हे शेतकरी कसं ठरवतो? बाईंनी वीस मुलींना मैदानात ओळीनं बसवलं. पाटीवर कोणी कापूस लिहायचा, कोणी ज्वारी. दर फेरीला प्रत्येकीला कमाईची चिठ्ठी मिळणार. मग शेजारणींच्या चिठ्ठ्या पाहायच्या, आणि जिला आपल्याहून जास्त मिळालं, तिचं पीक पुढच्या फेरीत आपण घ्यायचं. हाच खेळ खेळून नागपूरच्या कम्प्युटरनं सांगितलं होतं, की थोड्याच वर्षांत सगळं गाव कापूस लावील. खरं अल्लीपूर मात्र ऐकायला तयार नव्हतं. अर्धं शिवार अजून ज्वारीचंच. बाईंचा प्रबंध दोन वर्षं तिथंच रुतून बसला होता.

कापूस उजव्या टोकाकडून एकेक मुलगी घेत सरकला. सातव्या फेरीला मनकर्णापाशी थांबला, तो थांबलाच.

“मनकर्णा, शेजारच्या विमलला कापसाचे तुझ्या दुप्पट मिळाले ना? मग ज्वारी का? नियम मोडायचा नाही.”

मनकर्णा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. उठली पंचफुला.

“बाई, तिनं विमलची चिठ्ठी पाह्यलीच नाई. संक्रांतीपासून दोघींचं बोलणं बंद हाय!”

सगळी ओळ हसली. विमलनं नाक मुरडलं. पंचफुला कुठली थांबायला!

“गावातही असंच हाय. धुऱ्याबांधावरून भांडण झालं का शेजाऱ्याच्या वावरात सोनं पिको, इकडचा माणूस तिकडं मान वळवत नाई. तुमच्या कम्प्युटरले भांडता येते काय?”

बाईंनी हातातल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. मग त्या चांगल्या साडीनिशी मातीत बसल्या.

“कोणाचं कोणाशी बिनसलंय, सांग बरं.”

पंचफुला सांगत सुटली. बाईंनी मातीत शिवार काढलं, प्रत्येक भांडणाच्या धुऱ्यावर एक खडा ठेवला. खड्यांच्या अलीकडं कापूस, पलीकडं ज्वारी, अगदी खऱ्या अल्लीपूरसारखं.

“हे प्रबंधात जाणार. तुझ्या नावानिशी,” बाई म्हणाल्या. “पुढं काय घेणार आहेस?”

पंचफुला पाटी पुसू लागली. पुढचं घरी केव्हाच ठरलं होतं. दहावी झाली की शिवणकाम. समुद्रपूरच्या मामाची जुनी मशीनही येणार होती.

संध्याकाळी तिचे वडील रामाजी अंगणात पाय धूत होते, आई कमलाबाई चुलीशी भाकरी थापत होती. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून पंचफुला दोघांच्या मधोमध उभी राहिली.

“मामाले कळवा, मशीन पाठवू नोको म्हणा. मी अकरावीले हिंगणघाटले जाणार हाओ. अर्थशास्त्र घेऊन.”

रामाजींच्या हातातला तांब्या कलता राहिला. कमलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

“आन् बाबा, हे मी इचारून नाई राह्यली. सांगून राह्यली.”