तुटलेलं टोक

दंतवैद्य हुशार होता, हातही हलका, पण घाई त्याच्या पाचवीलाच पुजलेली. दवाखान्याच्या दारावर त्यानं हौसेनं पाटी लावली होती, 'रूट कॅनॉल एकाच बैठकीत'.

त्या सकाळी खुर्चीत बस चालवणारे एक काका होते. त्यांच्या दाढेचं मूळ टोकाकडे चांगलंच वळलेलं. अशा वेळी आतून घासायची सर्वांत बारीक सुई आधी घ्यायची, तिचं टोक किंचित वाकवायचं आणि औषधानं धूत धूत हळूहळू वाट काढायची. आमच्या डॉक्टरांनी बारीक सुया गाळल्या आणि जाड सुई तशीच सरळ घातली. व्हायचं तेच झालं. टोक आत तुटून बसलं.

भूल दिलेली, त्यामुळे काकांना पत्ताच नव्हता. एक्स-रे पाहून डॉक्टरांचं तोंड उतरलं. "आलोच काका," म्हणत तो आतल्या खोलीत गेला. तिथे त्याची थोरली बहीण हातमोजे काढत होती. दवाखाना मूळचा तिचाच.

"ताई, सुई तुटली. वरून भरून टाकतो. बरेचदा काही होत नाही."

"आणि टोकाशी घाण राहून गाल सुजला तर?"

"तेव्हा बघू. आता सांगितलं तर बोभाटा होईल."

"सुई माझ्या हातूनही तुटलीय," ताई शांतपणे म्हणाली. "पण दाढ त्यांची आहे ना रे? उद्या दुखली तर ते स्वतःलाच दोष देतील, मीच दात नीट घासले नाहीत म्हणतील. चालेल तुला?"

हे मात्र त्याला लागलं. असे ओशाळलेले पेशंट तो रोज पाहत होता. तो बाहेर आला, मास्क खाली केला आणि काकांसमोर स्टूल ओढून बसला.

"काका, माझी घाई नडली. सुईचं टोक दाढेच्या मुळात अडकलंय. बाजूनं वाट काढून बघतो, पण जमेलच असं नाही."

काकांनी बधिर गाल चाचपला. "म्हणजे वळणावर गाडी अडकली?"

"हो. आणि चूक ड्रायव्हरची."

काका अर्ध्या तोंडानं हसले. "कबूल करणारा ड्रायव्हर पहिल्यांदाच पाहिला. घ्या आता सावकाश. मला कुठला डेपो गाठायचाय?"

त्या दिवशी नाही जमलं. पुढच्या खेपेला ताईनं टोक वाकवून दिलेली बारीक सुई तुकड्याच्या कडेनं अलगद खाली उतरली, आणि मूळ तळापर्यंत धुऊन निघालं. डॉक्टरांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं!

मंडळी, चूक कुणाच्याही हातून होते. पण झाकलेली चूक ज्याची नाही त्याला भोगावी लागते. म्हणून करणाऱ्यानं सांगावं, आणि आपणही खुर्चीतून उठण्याआधी निःसंकोच विचारावं.

महिन्याभरानं काका त्याच दाढेनं सफरचंद खात आले, सोबत काकू. दारावरची पाटी दिसेना.

"एकाच बैठकीतवाले डॉक्टर इथेच ना?" काकूंनी विचारलं.

"ते गेले," काका म्हणाले. "आता खरं सांगणारे बसतात."