सत्कारासाठी बत्तीस खड्डे

मी एक जुना दगडी रोलर आहे. छावणीजवळच्या एका क्लबात टेनिसचे मातीचे कोर्ट आहे. ते सपाट ठेवणे हे माझे काम. मित्रांनो, मी सहसा चिडत नाही. सध्या चिडलो आहे. का, ते क्रमाने सांगतो.

सत्तावीस वर्षे मला नूरमोहम्मदने ओढले. तो क्लबाचा मार्कर होता, म्हणजे कोर्ट राखणारा आणि सभासदांना सराव देणारा नोकर. मुरूम पसरायचा, पाणी मारायचे, मला फिरवायचे आणि वरून शेणकाला सारवायचा. त्याची मुलगी कहकशा बाराव्या वर्षापासून त्याच्याबरोबर मला ओढू लागली. सभासद घरी गेले की मगच तिला खेळायला मिळे.

पुढे ती बारा वर्षे व्यावसायिक टेनिस खेळली. ते सामने मी पाहिले नाहीत. नूरमोहम्मद मला ओढताना सांगायचा. जागतिक क्रमवारीत चारशे अठरावी. गुडघ्याची दोन ऑपरेशने. मग निवृत्ती, वर्तमानपत्रात चार ओळी. वडील गेल्यावर ती परतली आणि इथे अकरा मुलींना शिकवू लागली. कोर्टही तीच राखते.

गेल्या रविवारी क्लबाने तिचा सत्कार ठेवला. सकाळी सातला मांडववाले आले आणि त्यांनी कोर्टात बत्तीस खड्डे खणले.

कहकशा आली ती थेट सेक्रेटरींकडे गेली.

"मधुसूदनकाका, बाजूला एवढं मैदान पडलंय. खांब कोर्टातच कामून रोवले?"

"अगं, फोटोत कोर्ट यायला नको? चॅम्पियन ना तू!"

"परवा पोरींचे जिल्ह्याचे सामने आहेत. सराव कुठं करायचा त्यांनी?"

"खड्ड्यांचं काय घेऊन बसलीस, बेटा? दिवाळीनंतर इथं लग्नाचं लॉनच होणारय."

हे तिला तेव्हा कळले. मलाही.

तिची विद्यार्थिनी आमरीन मागून म्हणाली, "म्हंजे मय्यत कोर्टाची आन् हार तुम्हाला, मॅडम?"

अकराला पाहुणे जमले. भाषणात 'शहराची शान' तीनदा झाले. शाल पुढे आली. कहकशाने ती घेतली नाही. माइकवर म्हणाली, "अगोदर खड्डे बुजवा." मग मांडववाल्याकडे वळली. "गोकुळभाऊ, कापड उतरवा."

गोकुळने एकदा सेक्रेटरींकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि दोर सोडला. पाहुण्यांवर ऊन आले. खांब निघाले, मुलींनी घमेल्यांनी मुरूम टाकला, आणि पदर खोचून कहकशाने माझा दांडा धरला. खुर्च्या उचला, असे कुणी सांगितले नाही. मी जवळ आलो तसे लोक आपणच उठले.

दुसऱ्या सकाळी मुली त्याच कोर्टावर खेळल्या. लॉनचा ठराव मात्र अजून रद्द झालेला नाही. उलट सेक्रेटरी म्हणतात, रोलरला रंग देऊन फाटकाशी ठेवू, आठवण म्हणून.

मित्रांनो, मला आठवण व्हायचे नाही. मला रंग देऊ नका, हार घालू नका. मुरूम ओला आहे तोवर या, आणि मला ओढा.