लव्हाळ्यांपाशी उचललेली वल्ही

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "जरा डावीकडे कलते, पण स्वभावाने चांगली आहे." लोकांनी पहिले अर्धे वाक्यच लक्षात ठेवले.

नाना माझे नावाडी. आधी आम्ही मासे आणत असू, पुढे पाहुण्यांना तळे दाखवू लागलो. तळ्याच्या मधोमध लव्हाळ्यांचे बेट होते. त्यात पाणपक्ष्यांची घरटी असत. बेट जवळ आले, की नाना दोन्ही वल्ही उचलून धरत आणि मी आपल्या ओघाने अलगद पुढे सरके. बोलभांड पाहुणेही तेवढा वेळ गप्प राहत.

नानांचे गुडघे थकले. मी त्यांच्या मुलाकडे आले आणि मला इंजिन लागले. फेऱ्या वाढल्या, कौतुकही झाले. हळूहळू घरटी मात्र ओस पडली. पाहुणे विचारत, "पक्षी कुठायत?" मुलगा सांगे, "आत्ता तर होते."

शेवटी, पाहुण्यांचे स्वागत कोणती मूल्ये धरून करावे हे ठरवायला गावाने काठावर सभा घेतली. फटी बुजवण्यासाठी इंजिन उतरवून मला पालथे घातले होते. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून तिघे माझ्या पाठीवर बसले. गावाच्या मूल्यांचा भार मी असा प्रत्यक्ष वाहिला.

"शांतता हवी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हवीच की," खाणावळवाला म्हणाला. "पण गाणी लावल्याशिवाय शांततेला गिऱ्हाईक येत नाही."

"इंजिन काढलं तर फेऱ्या निम्म्या," मुलगा म्हणाला. "घर काय पक्षी चालवणार?"

"मग आजवर कोण चालवत होतं?" सून म्हणाली. "तुमचं तोंड बघायला येतात का माणसं?"

सगळे हसले. नाना हसले नाहीत. "वल्ही कुठं उचलायची तेवढं ठरवा," ते म्हणाले. "पाहुणे संध्याकाळी जातात. आपल्याला इथंच राहायचंय."

मुलगा उठला. पाना आणून त्याने माझ्यावरची इंजिनाची बैठकच सोडवली. बाकीचे होडीवाले आपापली इंजिने काढायला आठवड्याभराने आले. चांगल्या कामाला माणसाला थोडा उशीर होतोच.

आता फेऱ्या कमी होतात. घरखर्चाला हातभार म्हणून सून काठावर शिवणकाम करते. पक्षी अजून परतलेले नाहीत. तरीही बेट आले, की मुलगा वल्ही उचलतो आणि आम्ही त्या रिकाम्या घरांसमोरून आवाज न करता जातो.

मित्रांनो, कुठेही पाहुणे म्हणून गेलात, तर असेच हळू जा. घर ओस दिसले, तरी घरधनी कुठूनतरी कानोसा घेत असेल.