सतरा नंबर

चिंध्या निवडणाऱ्यांच्या त्या वस्तीत दहावीपर्यंत शिकलेली ती एकटीच, म्हणून लहानथोर सगळे तिला मास्तरीण म्हणत. अर्ज भरायचा असो की औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असो, लोक तिच्याकडेच यायचे.

विद्यापीठातल्या डॉक्टरीणबाईही थेट तिच्याकडेच आल्या. चिंध्यांच्या धुळीनं फुप्फुसांचं काय होतं, यावर त्यांचं संशोधन होतं. तुमच्यासारख्यांची नोंद कुठल्याच अभ्यासात नसते, म्हणून नियम ठरवताना तुम्ही कुणाच्या खिजगणतीतही नसता, असं त्या म्हणाल्या. मास्तरणीला ते पटलं. खरंच होतं ते.

वस्तीला मात्र पटेना. रक्त काढून विकतात, अशी आवई कुणीतरी उठवली. मास्तरणीनं घरोघरी जाऊन विनवण्या केल्या. सगळ्यांत हट्टी निघाली तिची थोरली जाऊ. ती वीस वर्षं चिंध्यांच्या वखारीत बसलेली, खोकला पाचवीला पुजलेला. शेवटी म्हणाली, "तू सांगतेस म्हणून येते. त्या बाईच्या तोंडाकडे बघून नाही."

अठ्ठेचाळीस जणींनी रक्त दिलं, यंत्राच्या नळीत फुंकर मारली. बाटल्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या मास्तरणीनं स्वतः चिकटवल्या. जावेचा नंबर सतरा. महिन्याभरात रिपोर्ट देऊ, मास्तरणीलाही आरोग्यशिक्षणाच्या वर्गात घेऊ, असं सांगून बाई गेल्या.

महिना गेला, वर्ष गेलं. फोन करावा तर बाई मीटिंगमध्ये. इकडे जाऊ चार पायऱ्या चढली की मटकन खाली बसायला लागली. तेव्हा मास्तरीण काम बुडवून विद्यापीठात जाऊन थडकली.

बाईंनी अगत्यानं खुर्ची दिली. समोरच्या भिंतीवर मोठं पोस्टर होतं आणि त्यात चिठ्ठ्या चिकटवणारी मास्तरीण हसत होती. तिनं रिपोर्टांचं विचारलं. बाई म्हणाल्या, नावं आम्ही पुसून टाकली, नियमच तसा आहे. आता कुठली नोंद कुणाची, ते आम्हालाही सांगता यायचं नाही.

"मला येतं," मास्तरीण म्हणाली. "सतरा नंबर काढा."

बाईंनी संगणकावर सतरा नंबरची नोंद उघडली. मग हळूच म्हणाल्या, "यांना तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं."

"कुणी न्यायचं होतं?"

बाईंनी सांगितलं की पुढच्या अभ्यासात तशी तरतूद करणार आहेत, आणि त्यासाठी वस्तीच्या विश्वासातलं कुणीतरी लागेलच. मास्तरणीनं फक्त कागद मागून घेतला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो उलटसुलट पाहिला. वर्षापूर्वी वखार सोडली असती तर अर्धं तरी फुप्फुस वाचलं असतं, म्हणाले. आता ऑक्सिजन लावूनच दिवस काढायचे.

घरी आल्यावर मास्तरणीनं जावेपासून काही लपवलं नाही.

"त्या बाईचा मला राग नाही," जाऊ दम खात म्हणाली. "तिला मी ओळखतच नव्हते." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

वस्तीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तोंडावर कुणी बोललं नाही, पण मास्तरीण नळावर आली की बायका आपापली बोलणी आवरती घेत.

दोन महिन्यांनी सरकारी नर्स आली. खरोखरच औषधं घेऊन, तपासून लगेच हातात देणारी. वस्तीच्या तोंडाशी टेबल मांडून ती दुपारपर्यंत बसली. चार बायकांना घेऊन या ना, असं तिनं मास्तरणीला दोनदा विनवलं. औषधं खरी होती, नर्स भली होती, मास्तरणीला सगळं दिसत होतं. पण हाक मारायला तिची जीभ रेटेना. नर्सनं औषधांची पेटी जशी आणली तशीच उचलली आणि ती निघून गेली.