सांत्वनाचा रविवार

खासदारांचा शनिवार जनतेचा आणि रविवार मयतांचा. शनिवारी सोलापूरच्या कचेरीत गाऱ्हाणी ऐकायची, रविवारी गाड्या काढून दुःखातल्या घरांना भेटी द्यायच्या. दोन्ही याद्या त्यांचा पीए बाळासो करायचा, आणि बाळासो भारी हुशार. रांगेतल्या एखाद्या पेशंटचं माणूस यायचं थांबलं, की पेशंट आटोपला असं तो धरून चालायचा आणि नाव शनिवारातून रविवारात ढकलायचा. बहुतेक वेळा ते खरंच निघायचं. त्याची लाज मात्र त्याला कधी वाटली नाही.

बसव्वा दर शनिवारी अक्कलकोटकडून एसटीनं यायची. तिच्या नवऱ्याच्या, महादेवप्पाच्या, काळजाची झडप बदलायची होती. उन्हाळ्याच्या आत करा, नाहीतर माणूस हाती लागायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सरकारी मदतीच्या अर्जाला खासदाराचं शिफारसपत्र हवं होतं. एक कागद आणि खाली एक सही. "साहेब गडबडीत हायत मावशी, पुढच्या शनिवारी बघू," असं बाळासो म्हणायचा आणि ती आल्या पावली परत जायची. दगडालाही पाझर फुटतो म्हणतात. म्हणणाऱ्यानं बाळासोला बघितलं नसावं.

मग एका शनिवारी महादेवप्पाला दम लागला आणि ती घरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाड्या थांबल्या. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खासदार उतरले, मागं बाळासो, त्याच्या मागं फोटोवाला. पत्र घेऊन साहेब स्वतः आले! बसव्वाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते पाणी बघून खासदारांचीही खात्री पटली.

ते सरळ बाजेवरच्या म्हाताऱ्यापाशी गेले आणि त्याचा हात हातात घेतला.

"धीर धरा आप्पा. महादेवप्पांना मी जवळनं ओळखत होतो. लाखातला माणूस! भेटले की आधी विचारायचे, साहेब, जेवला का?"

म्हाताऱ्यानं त्यांना नीट न्याहाळून घेतलं.

"मीच की महादेवप्पा," तो म्हणाला. "तुमाला आजच बघतोय."

चटका बसल्यागत खासदारांनी हात सोडला. बाळासोनं मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. बसव्वाच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

"पत्र कुटं हाय?"

"ते होय... शनिवारी या की ऑफिसला." सवयीनं खासदारांच्या तोंडून निघून गेलं.

बसव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उंबऱ्यातच ठाण मांडून बसली.

"जित्त्या माणसासाटी येळ न्हवता. मेला म्हटल्यावर एका दिसात घर घावलं व्हय? बाळासो, जा, पत्र घिऊन ये. तवर साहेब हितंच बसतील. आमी लई शनिवार बसलोय."

"अहो बाई, मला अजून चार घरी जायचंय."

"तितं तरी माणूस मेलाय का बघून घ्या आदी."

बाहेर गाव गोळा झालं होतं आणि गावाच्या हातात मोबाईल होते. अशा वेळी उंबऱ्यात बसलेल्या बाईला ओलांडायची छाती कुणाची? बाळासो मुकाट्यानं गाडीत बसला. ऊन चढलं, पत्रा तापला, खासदारांचे कपडे अंगाला चिकटले. त्यांना बसव्वानं पाणी दिलं, चहा नाही. बाजेवरून महादेवप्पा मधूनच विचारायचा, "साहेब, जेवला का?"

दुपार कलताना पत्र आलं. सही झाली. शेजारच्या वैष्णवीकडून ते मोठ्यानं वाचून घेतल्यावरच बसव्वा उंबऱ्यातून उठली.

खासदारांनी घाम पुसला आणि चेहऱ्यावर हसू आणलं. "काळजी करू नका. काहीही झालं तरी मी आहेच."

"साहेब," बसव्वा म्हणाली, "ह्या कागदानं मालक वाचलं तर गावभर तुमचं नाव घीन. पर उशीर झाला असंल, तर माज्या दारात रडायला येऊ नगा."