न विचारलेली ओळ

दवाखान्याने पेशंटांना मोबाइलवर रिपोर्ट दाखवायला सुरुवात केली आणि सिस्टरच्या डोक्याला ताप झाला. दिवसभर फोन. ह्याचा अर्थ काय, त्याच्यापुढे लाल खूण का? अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्यांना सरळ करण्यात सिस्टरचा हातखंडा होता. चहाच्या खोलीत सगळे तिला फौजदारीणबाई म्हणत आणि तिला ते आवडायचंही. डॉक्टरांचं मत तिच्यासारखंच होतं: आधी आम्ही सांगू, मग त्यांनी वाचावं.

एका सोमवारी शिवणकाम करणाऱ्या मावशींचा फोन आला. त्यांच्या पोटाचा स्कॅन झाला होता.

"सिस्टर, रिपोर्टात शेवटी फुप्फुसाचं काहीतरी लिहिलंय..."

"मावशी, तुम्हाला वाचायला सांगितलं कुणी? डॉक्टर कशाला बसलेत मग? गुरुवारी या, ते सांगतील. आणि त्यांच्यासमोर हे मोबाइलचं पुराण काढू नका, चिडतात ते."

गुरुवारी डॉक्टरांनी पित्ताशयातला खडा समजावला, ऑपरेशनची तारीख दिली. बाहेर तेवीस जण ताटकळत होते. रिपोर्टाचं दुसरं पान उलटायचं राहून गेलं.

"काही विचारायचंय?"

मावशींनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने डोळे वटारले.

"नाही," मावशी म्हणाल्या.

त्या गेल्यावर डॉक्टर खूश झाले. "बघा, न वाचता आलेला पेशंट कसा शांत असतो!" सिस्टरही हसली.

खडा निघाला. दहा महिन्यांनी मावशी खोकत आल्या. थुंकीतून रक्त पडत होतं आणि नव्या स्कॅनमध्ये फुप्फुसातली गाठ लिंबाएवढी दिसत होती. सिस्टरने कॉम्प्युटरवर जुना रिपोर्ट काढला. शेवटची ओळ साध्या शब्दांत होती: पोटाच्या स्कॅनमध्ये आलेल्या फुप्फुसाच्या खालच्या टोकाला लहानशी गाठ, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा. त्याखाली नोंद होती, पेशंटने हा रिपोर्ट एकेचाळीस वेळा उघडला.

सिस्टर बाहेर येऊन मावशींच्या शेजारी बाकावर बसली. "इतक्यांदा वाचलंत, मग परत विचारलं का नाहीत?"

"विचारणार होते हो. पण म्हटलं, डॉक्टर चिडले तर ऑपरेशन नीट करतील का? आणि मग वाटलं, तसं काही असतं तर तुम्ही लोकांनी सांगितलंच असतं." मावशींनी रुमालाने तोंड पुसलं. "चुकलंच माझं, सिस्टर. मी जरा भित्रीच."

चूक कुणाची, हे सिस्टरला पुरतं ठाऊक होतं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं ते ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर डोकावले. त्यांनीही जुना रिपोर्ट पाहिलेला असावा, चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणतायत?" त्यांनी हळूच विचारलं.

सिस्टर उठून उभी राहिली.

"काही नाही," ती म्हणाली. "त्यांचंच दुर्लक्ष झालं म्हणतायत."

आणि मावशींनी मुकाट्याने मान डोलावली.